आधी खाली झोपा, मग रंग बघा

गेल्या महिन्यात सावंगीचा एक मुलगा मोबाईल घेऊन घरी आला. "काका, ही बघा. ब्रिटिश स्पोर्ट्स कार. साडेतीन लाखांत देतोय. घेऊ का?" फोटो बघितला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. तोच लाल रंग, तसाच कापलेला टप, बोनेटवर तसंच चकचकीत ‘ट्रायम्फ’चं नाव. सात वर्षांपूर्वी अशीच एक गाडी मी हर्सूलला आणली होती. त्या मुलाशी दोन तास बोललो. त्यातलं इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतो.

मी वाळूजला सव्वीस वर्षं लेथवर काम केलं. लोखंड कळतं, माप कळतं. तरी फसलो, कारण ती गाडी मी डोळ्यांनी बघितलीच नव्हती, आठवणीने बघितली होती. लहानपणी दिल्ली दरवाज्याजवळच्या एका डॉक्टरांकडे पांढरी स्टँडर्ड हेराल्ड होती. तिचं अख्खं बोनेट पुढच्या बाजूला उलटायचं आणि इंजिन, चाकं, सगळं उघडं पडायचं. आम्ही पोरं शाळा बुडवून ते बघत उभी राहायचो. जुन्या शहराच्या बोळातही ती एका दमात वळायची. जेमतेम पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळणारी ती गाडी होती, लंडनच्या टॅक्सीसारखी.

हेराल्ड आणि स्पोर्ट्स कारचा संबंध काय, असं कुणी विचारेल. तर संबंध रक्ताचा आहे. कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फने 1959 साली हेराल्ड काढली. आकार इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्तीचा. तिचीच चेसिस साडेआठ इंचांनी आखूड करून 1962 मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर आली, तीही मिकेलोत्तीच्याच हातची. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने 1961 पासून हेराल्ड बनवली. खरी स्पिटफायर किंवा एमजी आपल्याकडे मोजक्याच आहेत, त्यांच्या किमती तुमच्या-माझ्या आवाक्यातल्या नाहीत, आणि परदेशातून आणायची म्हटलं तर कर भरता भरताच कंबर मोडते. म्हणून साध्या माणसाला परवडेल अशी ब्रिटिश स्पोर्ट्स कारची सगळ्यात जवळची नातलग म्हणजे हेराल्ड. यात कमीपणा काहीच नाही. गोंधळ होतो तो विकणारा तिला हेराल्ड म्हणत नाही तेव्हा.

माझी गाडी जळगावकडची. विकणारा म्हणाला, ही कंपनीतूनच उघडी आलेली ट्रायम्फ आहे. मी आरसी बुक हातात घेतलं, नाव बघितलं, नंबर बघितला आणि मिटलं. बॉडीच्या रकान्यात ‘सलून’ लिहिलेलं होतं, ते मी घरी आल्यावर वाचलं. सलून म्हणजे टपाची बंद गाडी. कुणीतरी ग्राइंडरने टप कापून तिला ‘स्पोर्ट्स’ केलं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा असा बदल करता येत नाही. म्हणजे पहिल्या दिवसापासून मी बेकायदेशीर गाडीचा मालक होतो.

म्हणून पहिलं काम कागदाचं, आणि तेही बयाणा देण्याआधी. आरसीवरची बॉडी, रंग, आसनसंख्या आणि समोर उभी असलेली गाडी जुळते का ते बघा. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा, आरटीओत घेतात तशी प्रिंट घ्या आणि आरसीशी एकेक आकडा ताडून बघा. माझ्या गाडीची चेसिस नंबरची पाटी जुनी होती, पण रिव्हेट नवे होते. लेथवर आयुष्य घातलेल्या माणसाला हे दिसायला हवं होतं. मग बुक घेऊन स्वतः आरटीओत जा, एजंटला पाठवू नका. हाताने लिहिलेल्या जुन्या बुकांच्या नोंदी पुष्कळदा संगणकावर चढलेल्याच नसतात. त्या चढवायला मूळ नोंदणीच्या कार्यालयाचं रजिस्टर लागतं आणि विकणारा पैसे मोजून गेला की ते खेटे तुमचे. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथली एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

2021 साली केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली तेव्हा मला वाटलं, सुटलो. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झाली की गाडी पात्र, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत. माझी गाडी 1967 ची, वयात बसत होती. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. कापलेल्या टपाने तो दरवाजाही बंद केला. शिवाय ही नोंदणी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच गाडी रस्त्यावर काढता येते. रविवारी पोरांना घेऊन फुलंब्रीपर्यंत जायचं असेल, तर साध्या नोंदणीचं नूतनीकरण करून, पासिंग आणि पर्यावरण कर भरून गाडी ठेवणं बरं, असं माझं मत आहे. गाडी चालली पाहिजे.

आता खालचं. माझ्या गाडीला पहिल्यांदा नीट कुणी बघितलं असेल तर शहागंजकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. मी रंगाचं कौतुक करत होतो. ते गोणपाट अंथरत म्हणाले, "भाऊ, आधी खाली झोपा, मग रंग बघा." आम्ही दोघं खाली झोपलो. त्यांनी पेचकस लावला आणि तो चेसिसच्या आडव्या हातातून आरपार गेला. वरून काळा रंग, आत नुसता गंज. हेराल्डची बॉडी वेगळ्या चेसिसवर बोल्टने बसवलेली असते. मधल्या कण्याला बाजूने हात फुटलेले असतात, त्यांना आउटरिगर म्हणतात. माती-पाणी तिथेच साचतं. चारी कोपऱ्यांतले हात ठोकून बघा. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्याचा बद्द. दारांच्या फटीही बोलतात. वरची फट चिकटलेली आणि खालची उघडी असेल, तर गाडी मधे वाकली आहे. टप कापलेल्या गाडीत हे हटकून तपासा. आणि खिशात लोहचुंबक ठेवा. जिथे तो पत्र्याला धरत नाही तिथे आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे. माझ्या डाव्या दाराचा खालचा वीतभर भाग निव्वळ लांबीचा होता.

इंजिनाची एक तपासणी फुकट आहे. एकाला आत बसून क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही पुढच्या पुलीकडे बघा. क्लच दाबताना पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे-मागे सरकली, तर क्रँकचे थ्रस्ट वॉशर झिजलेत. ते अर्ध्या चकतीसारखे तुकडे असतात, पण निसटून चेंबरमध्ये पडले की क्रँक आणि ब्लॉक दोन्ही खातात. असं दिसलं तर किंमत पाडून मागत बसू नका, घरी या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुढच्या चाकाच्या खालच्या टोकाला ट्रनियन नावाचा ब्राँझचा भाग असतो. उभ्या पोलादी दांड्याचे आटे त्यात फिरतात आणि त्यावर चाक वळतं. हेराल्डला तोच, स्पिटफायरलाही तोच. त्याला ग्रीस नको, 90 नंबरचं गिअर ऑइल हवं. पण निप्पल दिसलं की आपल्याकडे ग्रीसचा पंप लावायची सवय. ग्रीस आत घट्ट होतं, आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी शिरतं आणि पोलाद गंजून आतल्या आत कमजोर होतं. बाहेरून काही कळत नाही.

मला हे माहीत नव्हतं. एका रविवारी मुलीला शेजारी बसवून चौक्याच्या घाटापर्यंत गेलो. घाट उतरलो, गाडी छान चालली. हर्सूल तलावापाशी तिला पाणी बघायचं होतं म्हणून गाडी वळवायला स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि कडकन आवाज झाला. उजवं चाक आत दुमडलं, गाडी नाकावर बसली. वेग चालत्या माणसाएवढा होता म्हणून खरचटलंही नाही. पण दहा मिनिटं आधी आम्ही घाटाच्या उतारावर होतो. मुलगी खाली उतरून तलावाकडे पळाली, मला मात्र दार उघडायलाही हात उचलेना. त्या दिवसापासून कुणीही हेराल्ड घेतली की मी पहिला प्रश्न विचारतो: ट्रनियनमध्ये काय घालता? विकणाऱ्याला उत्तर माहीत नसेल, तर गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत घाला. दोन्ही बाजूंचे ट्रनियन आणि दांडे बदलल्याशिवाय घरच्या माणसांना बसवू नका.

ते मिळतात, ही चांगली गोष्ट. स्पिटफायर जगभर टिकून आहे, म्हणून तिच्याशी सामाईक असलेले भाग इंग्लंडमध्ये अजून बनतात आणि रिमर ब्रदर्ससारखी दुकानं ते पाठवतात. बुश आणि पिना तर वाळूज, चिकलठाण्याचा कुठलाही चांगला टर्नर करून देईल, फक्त नमुना न्या. पण चार दारांची हेराल्ड घेत असाल तर जपून. ती फक्त भारतात बनली. तिच्या मागच्या दारांचा पत्रा इंग्लंडमध्येही मिळणार नाही, भंगारातच शोधावा लागेल. म्हणून चार दारांच्या गाडीत इंजिन बंद असलं तरी चालेल, बॉडी मात्र पूर्ण हवी. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा कुठल्याही गाडीत आल्या आल्या बदलून टाका. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही, आणि गळती झाली तर ती गरम इंजिनाशेजारी होते.

पैशाचं सांगतो. गाडीला मी दोन लाख दहा हजार दिले. चेसिस, पुढची चाकं, ब्रेक आणि पत्रा यांत त्याहून जास्त गेले, आणि रंग अजून दिलेला नाही. जेवढे जवळ असतील त्यातले निम्मेच गाडीवर घाला, निम्मे तिच्या पहिल्या वर्षासाठी ठेवा.

टपाचा शोध मात्र लागला. हेराल्डचा टप मुळात बोल्टने बसवलेला असतो, कापायची गरजच नव्हती. जालन्याजवळ एका शेतात उभी सडत असलेली हेराल्ड मिळाली, तिचा टप शाबूत होता. तो सोडवून आणला. काचेच्या वरचे बोल्ट सरळ बसले. मागच्या बाजूला, जिथे ग्राइंडर फिरला होता, तिथे पत्रा उरलेलाच नाही. तेवढी पट्टी मी आता स्वतः करतोय, पुठ्ठ्याचा नमुना झालाय. मुलगी पुठ्ठा धरते, मी आखतो. पट्टी बसली की गाडी आरसीतल्या ‘सलून’शी जुळेल आणि मग बुक घेऊन आरटीओत उभा राहीन.