नव्वद रुपयांचा ट्रान्सफॉर्मर

इलेक्ट्रॉनिक्सची हौस मला शाळेपासून. पिंपरीतल्या कारखान्यात मेंटेनन्सला लागल्यावर शनिवारची दुपार पुण्याच्या तपकीर गल्लीत जायची. रिले, ट्रान्झिस्टर, झिरो पीसीबी घेऊन घरी यायचं आणि रात्री उशिरापर्यंत डाग देत बसायचं. त्या हौसेतूनच 2015 मध्ये गच्चीवरच्या टाकीसाठी पंप आपोआप चालू-बंद करणारा कंट्रोलर केला. टाकीत तीन स्टीलचे प्रोब, एक 555 टायमर, दोन-चार ट्रान्झिस्टर, एक रिले आणि छोटा ट्रान्सफॉर्मर. पहिल्याच दिवशी तो बिनचूक चालला.

शेजारच्यांनी पाहिला, मागितला. मग त्यांच्या मेहुण्यांनी. सहा नग गेले आणि माझ्या डोक्यात गणित सुरू झालं. सामान 420 रुपयांचं, विक्री 1,400 ला. नगामागे 980. शंभर नग म्हणजे 98,000 रुपये! नोकरी सांभाळून वर्षाकाठी लाखभर मिळत असतील तर आणखी काय हवं, असं वाटलं. बचतीतले 42,000 काढून शंभर नगांचं सामान एकदम भरलं.

ते 420 रुपये कुठून आले, हे सांगणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पहिल्या सहा नगांना सामान 500 च्या वर लागत होतं. ते खाली आणण्यासाठी मी 90 रुपयांचा ट्रान्सफॉर्मर काढला आणि त्याच्या जागी एक कॅपॅसिटर बसवला. 230 व्होल्टच्या लाइनवर एक मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर साधारण 70 मिलिॲम्पिअर देतो. रिलेला तेवढे पुरतात. डबा लहान झाला, हलका झाला, स्वस्त झाला. हे सर्किट मी मासिकांत पाहिलेलं होतं. बंद डब्यातल्या दिव्याला ते चालतं. माझ्या सर्किटच्या तारा मात्र डब्याबाहेर, पाण्यात जात होत्या. स्वतःच्या घरासाठी करताना ट्रान्सफॉर्मर काढावा असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

सहा महिन्यांत 37 नग गेले. मग पावसाळ्यात एका काकूंचा फोन आला. ‘‘अरे, टाकीत हात घातला की मुंग्या येतात. तुझ्या त्या डब्यामुळे तर नाही ना?’’

मी त्यांना मेन स्विच बंद करायला सांगितलं आणि तसाच निघालो. टेस्टर लावला. त्यांच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे होते. कॅपॅसिटरच्या अशा सर्किटची एक बाजू थेट घरच्या लाइनला जोडलेली राहते. जोडणी सरळ असेल तर ती न्यूट्रलला जाते आणि काहीच कळत नाही. उलटी असेल तर पाण्यातला प्रोब फेजला लागतो. माझ्या घरी, या नव्या डब्याच्या पहिल्या गिऱ्हाइकांच्या घरी जोडणी सरळ होती, म्हणून चाचण्या पास झाल्या होत्या. काकूंकडे टाकी प्लास्टिकची होती, पायांत रबरी चपला होत्या, म्हणून मुंग्यांवर निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून एकेका घरी जाऊन सगळे 37 डबे काढून आणले. तेव्हा बाकीचे दोषही दिसले. प्रोबमधून सतत डीसी वाहत असल्यामुळे धन टोकाचं स्टील झिजत होतं, बोअरच्या पाण्याचे क्षार वर चढत होते. रिलेवर 10 ॲम्पिअर छापलेलं होतं, पण तो आकडा हीटरसारख्या भारासाठी. एक अश्वशक्तीची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. दोन घरांत रिलेचे संपर्क चिकटले, पंप कोरडा फिरत राहिला आणि वाइंडिंग जळालं. ते मी भरून दिलं.

हिशेब असा झाला: सामान 42,000, ट्रान्सफॉर्मर, मोठा रिले आणि बंदिस्त फ्लोट स्विच घालून डबे नव्याने करायला प्रत्येकी 380 प्रमाणे 14,060, दोन मोटरी 5,000, पेट्रोल-खेपा 5,000. जमा 51,800. सुमारे 14,000 चा तोटा आणि वर्षभराचे रविवार वेगळे.

तरीही हौस सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. विकायचं मनात असेल तर एवढं सांभाळा.

मेन्सची वीज आणि माणसाचा हात यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर हवाच. शक्यतो बीआयएस नोंदणीचा तयार ॲडॉप्टर घ्या आणि आपलं सर्किट त्याच्या पुढच्या 5 किंवा 12 व्होल्टवर करा. गिऱ्हाइकाच्या घरी आधी सॉकेट, अर्थिंग आणि 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी तपासा.

चार-पाच नग ओळखीच्या घरी फुकट लावा आणि एक उन्हाळा, एक पावसाळा जाऊ द्या. आपल्या टेबलावर सर्किट चाललं म्हणजे वायरिंग, व्होल्टेज, पाणी, मुंग्या, पाली यांच्यात ते चाललं असं होत नाही.

किंमत ठरवताना आपले तास मोजा. एक डबा जुळवायला तीन तास, बसवायला दोन तास लागत असतील तर ते पाच तास किमतीत आलेच पाहिजेत. दहातला एक नग परत येईल असं धरून त्याचाही खर्च घाला. त्यानंतर आकडा बाजारातल्या तयार मालापेक्षा जास्त येत असेल तर ती वस्तू विकायला काढू नका. आणि शंभराचं सामान कधीच एकदम भरू नका. आता पाच-दहा पीसीबीही स्वस्तात करून मिळतात.

पैसे मला पुढे मिळाले ते दुरुस्तीतून. आसपासच्या वर्कशॉपमधली बंद पडलेली कार्डं मी रविवारी पाहतो. ज्याला गरज आहे तो स्वतः घेऊन येतो, कामाआधी दर ठरतो, माल साठवावा लागत नाही. रक्कम मोठी नाही, पण ती खरी आहे.

उरलेल्या 63 पीसीबींवर आता कॉलनीतली मुलं डाग द्यायला शिकतात. नवा मुलगा किंवा मुलगी आली की पहिल्यांदा मी त्यांना बोर्डावरची कॅपॅसिटरची जागा दाखवतो आणि काकूंच्या फोनची गोष्ट सांगतो. मग सोल्डरिंग गन हातात देतो.