जखडलेल्या इंजिनाचे निदान

घडियाळी पोळ भागातील एखाद्या जुन्या घराच्या ओट्याशेजारी ताडपत्री पांघरलेली मोटारसायकल आपण पाहिली असेल. आजोबांनी जिच्यावरून मुंबईपर्यंतचा सुमारे ४०० किलोमीटरांचा प्रवास केला, ती आता किकला दाद देत नाही. घरातील तरुण मंडळी किकवर सारे वजन टाकून पाहतात आणि अखेर गाडी भंगारात देण्याची भाषा सुरू होते. वस्तुतः ‘इंजिन जखडले’ हे केवळ लक्षण होय. रोग कोणता, हे अद्याप शोधावयाचे असते.

उदाहरणादाखल बुलेट घेऊ. रॉयल एनफील्डची ही गाडी १९५५ पासून मद्रास येथे जुळवली जाऊ लागली. जुन्या ३५० बुलेटच्या बिडाच्या सिलिंडरचा व्यास ७० मि.मी. असून त्यात ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पिस्टन ९० मि.मी. खालीवर होतो. ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. २०० अंश सेल्सियस तापमान वाढले, तर पिस्टनचा व्यास सुमारे ०.३ मि.मी. वाढतो आणि सिलिंडरचा ०.१५ मि.मी. मधल्या फटीत तेलाचा पातळ थर असतो. तेल आटले अथवा इंजिन फाजील तापले, की पिस्टन भिंतीला घासून तेथेच आवळला जातो. हा झाला धावत्या गाडीचा रोग. उभ्या गाडीचा रोग निराळा: पावसाळ्याची दमट हवा आत शिरते आणि पिस्टनवरील कड्या गंजून भिंतीला चिकटतात.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: गाडी चालता चालता थांबली, की वर्षानुवर्षे उभी राहून अडकली?

त्यानंतरची तपासणी बाहेरून आत करीत जावी. प्रथम गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्लच दाबावा व किक हलकेच हलवून पाहावी. किक सहज फिरली, तर अडथळा इंजिनाच्या बाजूस आहे. तरीही न हलली, तर दोष किकच्या यंत्रणेत अथवा गिअरपेटीत असू शकेल. मात्र दीर्घकाळ उभ्या गाडीत क्लचच्या चकत्याही एकमेकींस चिकटतात, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी पायरी प्लग काढण्याची. कार्बोरेटरमधून झिरपलेले पेट्रोल सिलिंडरमध्ये साचले असेल, तर पिस्टन वर येऊ शकत नाही, कारण द्रव हवेप्रमाणे दाबला जात नाही. प्लग काढताच ते बाहेर येते. अशा वेळी जवळ ठिणगी वा विस्तव नसावा. प्लगच्या भोकातून विजेरीचा प्रकाश टाकल्यास भिंतीवरील गंजही दिसू शकतो.

तिसऱ्या पायरीस गाडी स्टँडवर घेऊन वरचा गिअर टाकावा आणि मागचे चाक टायर धरून अलगद पुढेमागे करावे. बोटे साखळीपासून दूर ठेवावीत. इंजिन थोडे फिरून नेमक्या एकाच जागी ठक्क करून अडले, तर वाकलेला व्हॉल्व्ह किंवा आत पडलेला तुकडा संभवतो. मुळीच हलले नाही, तर गंजाचा किंवा आवळलेल्या पिस्टनचा संशय घ्यावा.

गंज असल्यास सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडून काही दिवस धीर धरावा व रोज चाक हलकेच हलवावे. बळ लावल्यास कड्या तुटतात आणि शंभराच्या कामाचे हजारांचे होते. उष्णतेने आवळलेले इंजिन थंड झाल्यावर पुष्कळदा आपोआप सुटते; पण सुटले म्हणजे बरे झाले, असे नव्हे. टाकीतील तेलाची पातळी, तेलाचा पंप आणि वर रॉकरपर्यंत तेल पोहोचते की नाही, हे पाहिल्याविना ते पुन्हा चालवू नये. वेगात असताना इंजिन आवळले, तर मागचे चाक अडकून स्वार रस्त्यावर फेकला जातो. त्या क्षणी क्लच दाबणे हाच बचाव.

याच वडोदरा नगरीत १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन स्थापून हातांच्या कौशल्यास विद्येचा मान दिला. त्या विद्येचा पहिला धडा हाच की, ज्या चाचणीने काही मोडत नाही ती आधी करावी, आणि पाना हाती घेण्यापूर्वी कारण शोधावे.