ऑप्शनचा नजराणा : स्ट्रॅटेजी शिकण्याआधीचा हिशेब

ऑप्शनची स्ट्रॅटेजी कोठे शिकावी, हा प्रश्न हल्ली रायगडच्या किनाऱ्यावर वरचेवर ऐकू येतो. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, बोर्ली पंचतन, रेवदंडा या बाजूला कितीतरी घरांतला एखादा मुलगा आखातात आहे. तिकडून आलेला पैसा, दुकानाचा गल्ला, बोटीतला हिस्सा यांतून काही शिल्लक पडली की ती कोठे लावावी असा विचार सुरू होतो आणि हातातला मोबाइल लगेच उत्तर देतो : दहा हजारांत ऑप्शन. कोणाला या व्यवहारात ओढावे असा आमचा हेतू नाही. न समजावताच दरवाजा बंद करणेही आम्हांस पसंत नाही. ज्याला शिकावयाचे आहे त्याने आधी नजराण्याचा हिशेब शिकावा, स्ट्रॅटेजीची नावे मागाहून, एवढेच आमचे म्हणणे आहे.

नजराणा हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. ज्याला आज कॉल म्हणतात त्याला मुंबईच्या जुन्या वायदेबाजारात ‘तेजी’ म्हणत, पुटला ‘मंदी’, दोन्ही एकदम घेतले तर ‘तेजी-मंदी’. आणि त्यासाठी मोजावयाच्या रकमेला, म्हणजे आजच्या प्रीमियमला, ‘नजराणा’. तेव्हा ही विद्या नवी नाही. कापसातील असे व्यवहार मुंबई सरकारने १९३९ च्या कायद्याने बंद केले. १९५२ च्या कायद्याने मालातील आणि १९५६ च्या कायद्याने रोख्यांतील ऑप्शनला मनाई झाली. रोख्यांवरील मनाई १९९५ मध्ये उठली, जून २००१ मध्ये निर्देशांकाचे ऑप्शन सुरू झाले आणि जुलै २००१ मध्ये शेअरचे. मालाच्या बाबतीत ऑक्टोबर २०१७ मध्ये एमसीएक्सवर सोन्यापासून प्रारंभ झाला. एकदा बंद पडलेला हा बाजार मोबाइलमधून पुन्हा आपल्या घरात आला आहे, एवढाच फरक.

आता व्यवहार समजून घेऊ. उदाहरण सुपारीचे घेतो, कारण श्रीवर्धनच्या वाडीवाल्याला आणि व्यापाऱ्याला ते चटकन उमगेल. आकडे केवळ हिशेबासाठी धरले आहेत. समजा, एका व्यापाऱ्याने वाडीवाल्याशी असे ठरविले : तुमची १० क्विंटल सुपारी दोन महिन्यांनी ४०,००० रुपये क्विंटलने घेण्याचा हक्क माझा, पण घेतलीच पाहिजे असे बंधन मजवर नाही. या हक्कासाठी क्विंटलमागे १,००० याप्रमाणे १०,००० रुपये त्याने आज दिले. भाव ४३,००० झाला तर व्यापारी हक्क वापरील. त्याला ३०,००० सुटतील, त्यातून १०,००० वजा जाता २०,००० हाती राहतील. भाव ३८,००० झाला तर तो हक्क सोडून देईल आणि त्याचे १०,००० गेले. ४१,००० वर तो ना नफा ना तोटा. म्हणजे भाव वाढला एवढ्याने भागत नाही; नजराण्याहून अधिक वाढला पाहिजे, आणि तोही मुदतीच्या आत. नवशिक्या येथेच फसतो. दिशा बरोबर ओळखूनही त्याचे पैसे जातात आणि का गेले ते त्याला कळत नाही.

कोणी म्हणेल, हा तर आपला बयाणा झाला. नाही. बयाण्याची रक्कम मालाच्या किमतीत वळती होते. नजराणा वळता होत नाही. माल घ्या अथवा न घ्या, तो गेला. हा फरक पुढे शरीयतच्या प्रश्नातही कामास येणार आहे.

नजराण्याचे दोन भाग असतात. आजच हक्क वापरला तर जेवढे सुटतील तेवढी अंगची किंमत. उरलेली सगळी मुदतीची किंमत, म्हणजे अजून दिवस शिल्लक आहेत, काहीही घडू शकते, या आशेचे दाम. निर्देशांकाच्या आसपासचा हक्क घेतला तर जवळजवळ संपूर्ण नजराणा या आशेचाच असतो, आणि तो पेटीतल्या बर्फासारखा वितळतो. मासळीवाल्याला बर्फाचा हिशेब सांगण्याची गरज नाही. पण येथे वितळण्याची रीत थोडी निराळी आहे, ती नीट ध्यानात घ्यावी. बाजार जागेवर राहिला व त्याची चंचलता तीच राहिली, तर नजराणा साधारणपणे शिल्लक दिवसांच्या वर्गमुळाप्रमाणे घटतो. १६ दिवस बाकी असताना १०० रुपये असेल तर ९ दिवस बाकी असताना ७५, ४ दिवसांवर ५० आणि १ दिवसावर २५. म्हणजे पहिले पंचवीस रुपये जाण्यास सात दिवस लागले, दुसरे पाच दिवसांत गेले, तिसरे तीन दिवसांत आणि शेवटचे एकाच दिवसात. मुदत संपण्याच्या दिवशी ‘फक्त पाच रुपयांत’ मिळणारा ऑप्शन स्वस्त का असतो, याचे उत्तर यातच आहे.

नजराण्यावर दुसरा परिणाम चंचलतेचा. अंदाजपत्रक, निवडणुकीचा निकाल, मोठ्या कंपनीचा ताळेबंद यांच्या आधी सर्वांनाच विमा हवा असतो, म्हणून नजराणा फुगतो आणि बातमी येऊन गेली की बसतो. फुगलेल्या दराने घेणाऱ्याला भाव हलूनही हाती काही लागत नाही, असे पुष्कळदा घडते.

एवढे पक्के झाले की स्ट्रॅटेजी म्हणजे काय ते सोपे आहे. दोन किंवा अधिक हक्क एकदम घेणे-विकणे, यापलीकडे तीत काही नाही. उदाहरणादाखल निर्देशांक २५,००० वर धरू. २५,००० चा कॉल २०० ला घेतला आणि २५,२०० चा कॉल ११० ला विकला. पदरचे गेले ९०. एका लॉटचे ७५ नग धरले तर (लॉट वेळोवेळी बदलतो, चालू आकडा पाहून घ्यावा) जास्तीत जास्त तोटा ६,७५० आणि जास्तीत जास्त नफा ८,२५०. निर्देशांक २५,०९० च्या वर गेल्याशिवाय नफा नाही. याला बुल कॉल स्प्रेड म्हणतात. तोट्याला कुंपण पडले हे खरे, नफ्यालाही पडले.

मात्र शिकवणीत बहुधा न सांगितला जाणारा भाग पुढे आहे. या एका सौद्यात घेणे-विकणे मिळून चार व्यवहार झाले. दर व्यवहारास २० रुपये दलाली धरली तर ८०, त्यावर जीएसटी, विक्रीवरचा एसटीटी (तो १ ऑक्टोबर २०२४ पासून नजराण्याच्या ०.१ टक्का झाला होता), बाजाराचे शुल्क. शिवाय घेणाऱ्या-देणाऱ्याच्या दरांतील फटीत प्रत्येक वेळी एक रुपया जरी गेला तरी चार वेळांचे मिळून ३०० रुपये. सारे मिळून ४०० च्या आसपास, म्हणजे पणास लावलेल्या ६,७५० चे सहा टक्के, तेही एका आठवड्यात. वर्षाचे पन्नास आठवडे असे केले तर वीस हजार रुपये निव्वळ खर्चात जातील, जिंकणे-हरणे अलाहिदा. दुकानाचे भाडे ठरविताना आपण जी घासाघीस करतो ती येथे कोणी करीत नाही.

हे पाहून कित्येकजण हुशार होतात : घेणाऱ्याचा बर्फ वितळतो ना, मग आपण विकणारेच होऊ! विकणाऱ्याला बहुतेक आठवडे थोडे थोडे मिळते, ही गोष्ट खोटी नाही. पण ४ जून २०२४ आठवावा. लोकसभेच्या निकालाच्या त्या एका दिवसात निफ्टी २३,२६३ वरून २१,८८४ वर आला. १,३७९ अंक गेले. आदल्या दिवशी कोणी बाजारभावापासून ५०० अंक खालचा पुट ४० रुपये नजराण्याने विकला असे समजा. ७५ नगांवर त्याला ३,००० मिळाले आणि त्या भावाने तोटा बसला ८७९ गुणिले ७५, म्हणजे ६५,९२५. बावीस आठवड्यांची कमाई एका दुपारी गेली. ज्याने जोडीला आणखी खालचा पुट घेऊन ठेवला असेल त्याचा तोटा तेथे थांबला. ज्याने तेवढे पैसे वाचविले त्याचा थांबला नाही.

शेअरच्या ऑप्शनमध्ये आणखी एक खोच आहे. निर्देशांकाचा हिशेब रोखीत मिटतो. शेअरचा मात्र मुदतीअखेर प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन मिटतो. काही हजारांचा हक्क हाती ठेवून झोपी गेलेल्याला लाखांचे शेअर घेण्यास पैसे उभे करावे लागतात.

आता एकूण जमाखर्च पाहू. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत फ्युचर व ऑप्शन मिळून एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यवहार करणारे तपासले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. खर्च वजा जाता लाखाहून जास्त नफा झालेले केवळ एक टक्का. २०२३-२४ मध्ये नुसता व्यवहारखर्च माणशी सरासरी २६,००० रुपये होता. त्याच वर्षी दलालांच्या स्वतःच्या खात्यांना ३३,००० कोटी आणि परदेशी संस्थांना २८,००० कोटी ढोबळ नफा झाला, आणि तो जवळजवळ सर्व संगणकाच्या आपोआप चालणाऱ्या सौद्यांतून. पुढच्या २०२४-२५ या वर्षीही ९१ टक्के वैयक्तिक खाती तोट्यात गेली. तोटा १,०५,६०३ कोटी. आम्हांस याहून बोलका वाटला तो दुसराच आकडा : सलग दोन वर्षे तोटा सोसलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक तिसऱ्या वर्षीही खेळतच होते. आणि हे सारे मुंबई-पुण्याचे नव्हेत. ७२ टक्क्यांहून जास्त लोक पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे होते.

मग ऑप्शनचा खरा उपयोग कोणाला? ज्याच्याकडे माल किंवा शेअर प्रत्यक्ष आहे आणि भाव पडण्याची धास्ती आहे, त्याला पुट हा विम्यासारखा आहे. सोन्याचा साठा बाळगणाऱ्या कारागिराचे किंवा पेढीचे उदाहरण येथे लागू पडते, तेसुद्धा लॉटचे वजन आपल्या साठ्याशी जुळत असेल तर. सुपारीचा किंवा पापलेटचा ऑप्शन कोठेही मिळत नाही. सुपारीचा भाव पडला म्हणून निफ्टीचा पुट कामास येत नाही, ही साधी गोष्ट विसरू नये. आपल्या किनाऱ्यावरील व्यापाऱ्याची जोखीम एकीकडे आणि मोबाइलवरचा सौदा दुसरीकडे, अशी स्थिती आहे.

शरीयतच्या बाबतीत वाचकांना माहिती असावी म्हणून लिहितो. हे पान फतव्याचे नव्हे. जिद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने मे १९९२ च्या अधिवेशनात जागतिक बाजारांतील प्रचलित ऑप्शन करार नाजायज ठरविले. ज्याची विक्री होते तो नुसता हक्क माल नाही, लाभ नाही, किंवा मोबदला घेऊन सोडता येईल असा आर्थिक हक्कही नाही, असे कारण दिले. १९९३ मध्ये याच अकादमीने मुदत ठरविलेल्या बयाण्याच्या विक्रीस, म्हणजे ‘अरबून’ला, मान्यता दिली. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. शाफई मतात मात्र जप्त होणारा बयाणाही मान्य नाही. तेव्हा ‘हा बयाणाच आहे’ असे म्हणून स्वतःची समजूत घालण्यापूर्वी आपल्या आलिमांस वर दिलेला वळती होण्या-न होण्याचा फरक सांगून विचारावे. भावाने आखातातून घरासाठी पाठविलेला पैसा असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. ती अमानत आहे. त्याला विचारल्यावाचून ती बाजारात नेण्याचा अधिकार आपणांस नाही.

शिकवणाऱ्यांबद्दलही बोलले पाहिजे. आपल्याच जिल्ह्यातील कर्जतच्या अवधूत साठे ट्रेडिंग अकादमीविरुद्ध ४ डिसेंबर २०२५ रोजी सेबीने अंतरिम आदेश काढून सुमारे ५४६ कोटी रुपये अडकवून ठेवण्यास फर्माविले. नोंदणी न करता शिक्षणाच्या नावाखाली खरेदी-विक्रीचा सल्ला दिला, असे सेबीचे प्रथमदर्शनी मत होते. आदेश अंतरिम होता, अंतिम निवाडा नव्हे, हेही लक्षात असू द्यावे. या प्रकरणातून आपण घ्यावयाची ती कसोटी : शिकवणारा ‘उद्या अमुक घ्या’ असे सांगत असेल तर तो सल्लागार झाला, आणि सल्लागारास सेबीची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागावा आणि सेबीच्या यादीत पडताळून पाहावा. आणि याच जिल्ह्यात, पाताळगंगेला, सेबीने स्थापन केलेली राष्ट्रीय प्रतिभूति बाजार संस्था, एनआयएसएम, आहे. तिच्या इक्विटी डेरिव्हेटिव्हज परीक्षेच्या पुस्तिकेत वर सांगितलेले सगळे आणि त्यापुढचेही आहे. हजारोंची शिकवणी लावण्याआधी ती एकदा वाचावी.

एवढ्यानंतरही ज्याला शिकावयाचे असेल त्याने पैसे न घालता वहीवर सुरुवात करावी. दोनशे पानी वही पुरे. आठवड्याच्या आरंभी एक सौदा लिहावा : निर्देशांक कोठे आहे, कोणता हक्क, किती नजराणा, त्यात अंगची किंमत किती व मुदतीची किती. रोज दुपारी साडेतीननंतर त्याच हक्काचा नजराणा लिहावा आणि पुढे कारण नोंदवावे : भाव हलल्याने बदलला, दिवस गेल्याने, की चंचलता उतरल्याने. लिहिलेला सौदा मागाहून खोडू नये. खर्चाचा रकाना निराळा ठेवावा आणि दर फटीचा रुपया त्यात टाकावा. असे किमान सहा महिने करावे, म्हणजे मध्ये एखादा वादळी आठवडा येऊन जाईल. सहा महिन्यांनी खर्चाचा रकाना आणि नफ्याचा रकाना शेजारी शेजारी बेरजून तो हिशेब घरात दाखवावा. प्रत्यक्ष सौदे केलेच तर त्यांचा नफा-तोटा धंद्याच्या उत्पन्नात धरला जातो आणि विवरणपत्र वेळेत भरले तरच तोटा पुढे ओढता येतो. म्हणून तीच वही आपल्या कर सल्लागाराकडेही न्यावी.