पिशवीतील दोन दगड

होसूर-सर्जापूर रस्त्यावरून नाव पडलेल्या बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये नवोदित कंपन्या पुष्कळ. तेथून विक्रीच्या नोकरीची दोन पत्रे हाती आली, तर वार्षिक आकड्याला भुलू नका. निश्चित वेतन किती व लक्ष्य गाठल्यासच मिळणारे किती, हे वेगळे मांडा. मग विकायचे काय व कोणाला, हे पाहा. डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने बंगळूरच्याच बायजूजला पालकांना अभ्यासक्रम विकण्याच्या रीतीबद्दल जाब विचारला होता. अनुवाद 25:13 मध्ये लहानमोठी वजने बाळगण्यास मनाई आहे. मूळ इब्रीत तेथे शब्द ‘दगड’ असा आहे. घेण्याचा एक, देण्याचा दुसरा! म्हणून मुलाखतीतच विचारा : ग्राहकाला रक्कम परत मिळते काय, आणि तेव्हा माझे कमिशन कापणार काय? उत्तर लेखी मागा.