हातापायांची हाडे व त्यांच्या मेखला
(वरच्या वर्गांसाठी मार्गदर्शक पाठ)

उद्देश : हाडांची रचना कामास कशी अनुरूप असते हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून देणे, हाड मोडल्यास काय करावे व काय टाळावे हे शिकविणे.

साहित्य : तक्ता नसला तरी अडत नाही. विद्यार्थ्यांचे स्वतःचे शरीर, वर्गाचे दार व एक तीनकोनी फडके पुरे.

गणना : प्रौढ माणसाच्या २०६ हाडांपैकी १२६ हाडे हातपाय व मेखला यांत असतात. प्रत्येक हातात ३० : दंडात १, कोपराखाली २, मनगटात ८, तळहातात ५, बोटांत १४. प्रत्येक पायातही ३० : मांडीत १, गुडघ्याची वाटी १, गुडघ्याखाली २, घोटा व टाच मिळून ७, तळपायात ५, बोटांत १४. उरलेली ६ मेखलांची. ही गणना फळ्यावर लिहावी. घोकंपट्टीत वेळ दवडू नये.

विवेचन : स्कंधमेखलेत प्रत्येक बाजूस गळ्याखालचे आडवे हाड व पाठीवरचा खवाटा अशी दोन हाडे असतात. विद्यार्थ्याने एका हाताची बोटे गळ्याखालच्या हाडावर ठेवून दुसरा हात वर उचलावा. हाड सरकल्याचे त्यास कळेल. ही मेखला धडाच्या सांगाड्यास केवळ छातीच्या मधल्या हाडापाशी सांधलेली असते. खवाटा स्नायूंनी तोललेला असतो. खांद्याची खोबणही उथळ असते. म्हणून हात चहूकडे फिरतो. पण खांदा निखळण्याचे भयही अधिक.

श्रोणिमेखलेची दोन हाडे मागे पाठीच्या कण्यास व पुढे परस्परांस घट्ट जोडलेली असतात. मांडीच्या हाडाचा गोल माथा खोल खोबणीत, उखळीत बसावा तसा बसतो. येथे फिरण्याची मोकळीक कमी. परंतु साऱ्या धडाचा भार निर्धास्त पेलला जातो. कोपराचा सांधा मात्र बिजागरीसारखा. तो दाराशी ताडून दाखवावा.

दक्षता : झाडावरून पडलेले मूल हातावर आपटले, की धक्का खांद्याकडे जाऊन गळ्याखालचे हाड पुष्कळदा मोडते. अशा वेळी हात ओढू नये, चोळू नये, तेल लावून मालीश करू नये. फडक्याची झोळी करून हात छातीशी आधारावा. कोपर दुखत असल्यास ते बळाने दुमडू नये. मुलास आरोग्य केंद्रात न्यावे. मांडी वा नडगी मोडल्याची शंका येताच त्यास उभे करू नये; पाय न हलविता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. बालवाडीच्या मुलास एका हाताने खेचून उचलू नये. त्या वयात कोपरातील हाड सहज सरकते. झोळी बांधण्याचा सराव विद्यार्थ्यांकडून जोडीजोडीने करून घ्यावा.

प्रश्न :
१. हात पायापेक्षा अधिक मोकळा का फिरतो?
२. कुलपात किल्ली फिरविताना कोपराखालची दोन हाडे काय करतात? नडगीस तसे का जमत नाही?
३. हात मोडलेल्या सोबत्यास चोळून देणे अपायकारक का?