अकाउंट्स मोजू नका, मालक मोजा!

मित्रांनो, सबमिशनच्या फाईलमधलं एक कोरं पान घ्या आणि आपली सगळी अकाउंट्स त्यावर लिहून काढा. दहा-बारा तरी निघतील. आता प्रत्येकासमोर मालकाचं नाव लिहा. फेसबुकने इन्स्टाग्राम २०१२ साली आणि व्हॉट्सअ‍ॅप २०१४ साली विकत घेतलं. आज ही तिन्ही मेटा या एकाच कंपनीची. लिंक्डइन (२०१६) आणि गिटहब (२०१८) मायक्रोसॉफ्टने घेतलं. यूट्यूब तर २००६ पासून गूगलचं. म्हणजे पान भरलं, पण मालक जेमतेम तीन-चार!

मग बिघडलं कुठे? इलेक्ट्रिकलवाल्यांना लगेच कळेल. घरात दिवे दहा, पण सगळे एकाच फ्यूजवर. ४ ऑक्टोबर २०२१ ला नेमकं हेच झालं. मेंटेनन्सच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या कमांडमुळे फेसबुकची डेटा सेंटर्स नेटवर्कपासून तुटली, डीएनएस सर्व्हरकडे जाणारे मार्ग इंटरनेटवरून गायब झाले आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही सुमारे सहा तास बंद पडली. ‘फेसबुक बंद असलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू’ हा बॅकअप कागदावरच राहिला.

दुसरा धोका दुकानच बंद होण्याचा. आपल्या सीनियर्सच्या बॅचेस ज्या ऑर्कुटवर जमायच्या, ते गूगलने ३० सप्टेंबर २०१४ ला बंद केलं. गूगल प्लस २०१९ मध्ये गेलं. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये घेतलेलं स्काइप मे २०२५ मध्ये संपलं. म्हणजे कंपनी मोठी आहे म्हणून अकाउंट टिकेलच, असं काही नाही.

मग ठेवायचं काय आणि काढायचं काय? प्रत्येक अकाउंटची छोटीशी ओरल घ्या. प्रश्न तीनच.

१. ही किल्ली आहे का? म्हणजे याच अकाउंटने आपण दुसरीकडे लॉगिन करतो का? असेल तर घाईने उडवू नका. आधी त्या दुसऱ्या ठिकाणी ई-मेल आणि वेगळा पासवर्ड लावा.

२. माल बाहेर काढता येतो का? फोटो, लेख, कोड डाउनलोड करून बघा. ‘येत असेल’ असं समजू नका; फाईल उतरवून उघडून पाहा.

३. तिथल्या माणसांपर्यंत पोचायला दुसरा रस्ता आहे का? नसेल, तर आजच त्यांचे फोन नंबर आणि ई-मेल वहीत उतरवा.

तिन्ही उत्तरं नीट मिळाली आणि वर्षभरात तिकडे फिरकलाही नसाल, तर अकाउंट खुशाल बंद करा. फक्त अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे अकाउंट गेलं असं नव्हे! सेटिंगमध्ये जाऊन रीतसर डिलीट करावं लागतं. फेसबुकवर त्यानंतरही ३० दिवस विचार बदलता येतो.

शेवटच्या वर्षाच्या मंडळींसाठी खास सूचना. आमच्या एका सीनियरने प्रोजेक्टचा सगळा कोड ठेवलेलं अकाउंट कॉलेजच्या ई-मेलवर उघडलं होतं. पास झाल्यावर तो ई-मेल बंद झाला. पुढे नवीन लॅपटॉप घेतला, पासवर्ड आठवेना, आणि रिसेटची लिंक जायची त्याच मेलबॉक्समध्ये! इंटरव्ह्यूला ‘प्रोजेक्ट केलाय सर’ एवढंच तोंडी सांगायची वेळ आली. चार वर्षांची मेहनत कुलपाआड, आणि किल्ली कॉलेजकडे.

म्हणून आधी स्वतःचा एक ई-मेल पक्का करा. त्याचा पासवर्ड वेगळा ठेवा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, रिकव्हरी कोड कागदावर लिहून ठेवा. मग महत्त्वाची अकाउंट्स एकेक करून त्यावर आणा आणि एक प्रत पेन ड्राइव्हमध्ये किंवा घरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. मालक बदलतील, दुकानं बंद होतील. तुमचे फोटो आणि तुमचा कोड मात्र तुमच्या हातात राहील.

एका रविवारचं काम आहे. पीएल लागायच्या आत उरकून टाका!