डंपरची चावी हाती घेण्यापूर्वी

आपल्या मोहल्ल्यांतील कित्येक मुले गॅरेजात हेल्पर किंवा ट्रकवर क्लीनर म्हणून कामाला लागतात. उस्तादाच्या शेजारी बसून दोन-तीन वर्षांत स्टिअरिंगही धरायला शिकतात. मग एखाद्या दिवशी खाणीवरचा ड्रायव्हर येत नाही आणि मालक म्हणतो, "चल, एवढी खेप मारून ये." मुलाला वाटते, नोकरी लागली. आमच्या मते खरा धोका तिथूनच सुरू होतो.

हलक्या वाहनाच्या लायसन्सवर डंपर चालवता येत नाही. त्या लायसन्सवर मालवाहू गाडी चालवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केली. पण ती एकूण ७,५०० किलो वजनापर्यंतच्या गाडीपुरतीच आहे. तीन अ‍ॅक्सलचा भरलेला डंपर २८.५ टनांपर्यंत जातो. अपघात झाला तर गुन्हा ड्रायव्हरवर नोंदवला जातो. योग्य लायसन्स नसेल तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. म्हणून ज्या व्यापारी बांधवांच्या स्वतःच्या गाड्या आहेत, त्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

रीतसर मार्ग असा आहे. १८ वर्षे पूर्ण झाल्यावर प्रथम हलक्या वाहनाचे पक्के लायसन्स काढावे. ते हाती येऊन किमान एक वर्ष झाले आणि वय २० झाले, की मालवाहू वाहनाच्या शिकाऊ लायसन्ससाठी अर्ज करता येतो. सोबत डॉक्टरांचा दाखला लागतो. मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जड वाहनाचे शिक्षण घेऊन तिथले प्रमाणपत्र मिळवावे, मग आरटीओत चाचणी द्यावी. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढण्यात आली. तरीही लिहिता-वाचता यायलाच हवे, कारण पावतीवर काय लिहिले आहे ते न वाचता गाडी हलवणारा ड्रायव्हरच अडकतो.

काम कुठे शोधावे? खडी क्रशर, दगडखाणी, रस्त्याचे ठेकेदार, रेडीमिक्स प्लांट, इमारतींचे खोदकाम, तसेच चंद्रपूर-वणी भागातील कोळसा खाणींचे वाहतूकदार येथे डंपर चालतात. सकाळी गाड्या सुटण्याच्या वेळी जाऊन सुपरवायझरला भेटावे. सोबत लायसन्स आणि जिथे काम केले तिथल्या मालकाची चिठ्ठी असावी. एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्यावी: रस्त्याचे काम संपले, की तिथली नोकरीही संपते.

काम ठरवताना विचारा: पगार महिन्याचा की खेपेवर? भत्ता किती? टायर फुटला तर खर्च कोणाचा? खेपेवर पैसे असले, की भरधाव जाण्याचा मोह होतो. गाडीत जास्त माल भरल्यास २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, आणि कायद्यात गाडी चालवणाराही त्याला जबाबदार धरला आहे. खडी, मुरूम किंवा वाळूच्या प्रत्येक खेपेला वाहतूक पास मागून घ्यावा. पास नसेल तर महसूल खाते गाडी अडवून ठेवते.

चाचणीच्या वेळी सरळ रस्त्यापेक्षा माल कसा खाली करतो, हे पाहिले जाते. जमीन सपाट आहे का, वर विजेची तार आहे का, मागे कोणी उभे आहे का, हे खाली उतरून पाहावे. हौदा वर असताना गाडी पुढे पळवू नये. उचललेल्या हौद्याखाली टेकण लावल्याशिवाय कधीही जाऊ नये.

एक-दोन वर्षे उशीर झाला तरी चालेल. पण आपल्या नावाचे योग्य लायसन्स हाती आल्याशिवाय मुलांना चावी घेऊ देऊ नये, एवढेच आमचे पालकांना आणि उस्तादांना सांगणे आहे.